दाबल्यावर दुखते

नडगीवरची निळी फुली तेलानं पसरत चालली होती. आधी तिचं एक टोक पुसट झालं, मग दुसरं, मग मधल्या छेदाचा लहानसा निळसर डाग झाला आणि तो चोळणारीच्या अंगठ्याबरोबर घोट्याच्या दिशेनं ओढला गेला — कुणीतरी पट्टी लावून, मोजून, काळजीपूर्वक काढलेली फुली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, म्हणजे इथून, इथपासून घोट्याच्या वर दोन बोटांपर्यंत, एवढं काढायचं आणि एवढं घालायचं… ती कापूस घेऊन पुसायला गेली आणि थांबली. पुसली तर पुन्हा काढतील. शाईला काय तोटा.

"गुदगुल्या होतात, ताई," टोळ म्हणाली.

टोळ हे काही तिचं नाव नव्हे. उंच उडी मारणारी, साडेसोळा वर्षांची, मांड्यांपेक्षा नडग्याच लांब असलेली ही मुलगी केंद्रात आली त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला टोळ म्हणालं आणि ते चिकटलं. आता तिचे वडीलसुद्धा फोन करून "टोळ आहे का" असं विचारत. केंद्र म्हणजे खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र. तिथल्या ह्या तीन बाकांच्या खोलीत ही चोळणारी बाई चौदा वर्षं चोळणं, दाबणं, ताणणं, पट्ट्या बांधणं हेच करत आली होती, आणि सगळे तिला ताई म्हणत — तिच्याहून वयानं मोठे असलेले सरसुद्धा. खरं तर तिला ताई म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला होता. ते माणूस तीन महिन्यांपूर्वी दोन पिशव्या आणि एक काठी घेऊन घरातून निघून गेलं होतं.

"हसू नकोस. पाय सैल सोड."

आज नुसती मालिश नव्हती. भिंतीकडच्या टेबलावर टोळाचा फॉर्म पडला होता. केंद्रात त्या सगळ्या प्रकाराला 'बदल' म्हणत, नुसतं बदल, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं वेळापत्रकातला असेल. पायांची हाडं, नडगीची आणि मांडीचीही, काढायची आणि त्यांच्या जागी धातूची पोकळ, हलकी हाडं बसवायची; हाडांच्या टोकांना जाळी, जाळीला स्नायू शिवायचे; सहा महिने पडून राहायचं, सहा महिने चालायला शिकायचं, आणि मग जन्मात कधी हाड मोडणं नाही. डॉक्टर पालकांपुढे बोलायचे त्यात एक वाक्य हमखास असायचं — मोडायला काही उरलंच नाही तर मोडणार काय? — आणि मुलं हसायची, पालक हसायचे, तीही हसली होती. बदल झालेले ते पक्के. बाकीचे सगळे कच्ची लिंबं. लहानपणी खेळात ज्याला आऊट धरत नाहीत, ज्याच्या असण्यानसण्यानं डावाला काही फरक पडत नाही, ते कच्चं लिंबू. ह्या दणकट, घामेजलेल्या मुलांनी तो शब्द उचलला होता आणि एकमेकांना चिडवायला ती तो इतक्या मजेत वापरत, की ज्याला म्हटलं त्याचा चेहरा हसता हसता कसा उतरतो हे खाली वाकून त्याच्या पोटऱ्या चोळणाऱ्या बाईलाच दिसावं.

मात्र बदल मागितला आणि मिळाला, असं नव्हतं. एकाच जागी हाड दुसऱ्यांदा दुखावलं असेल तरच. यंत्राच्या चित्रात बारीक चीर सुरुवातीला दिसत नाही, म्हणून फॉर्मवर एक रकाना तिच्यासाठी ठेवलेला होता. दाबल्यावर दुखते का? एका ओळीचं उत्तर आणि खाली सही.

तिनं अंगठा गेल्या वर्षीच्या चिरेवर आणला. हाड जुळताना जी गाठ बांधतं ती तिथं होती, वाटाण्याएवढी, घट्ट, गुळगुळीत — छान जुळलेली. तिनं हलकं दाबलं. मग जोरात.

"आई गं," टोळ म्हणाली.

उशिरा म्हणाली. फार नाही, अर्ध्या श्वासानं. पण खरं दुखणं आधी पायाच्या बोटांत येतं आणि मग तोंडात. अंगठा टेकतो न टेकतो तोच बोटं आत वळतात, चोराची चाहूल लागलेल्या घरासारखा सगळा पाय जागा होतो, आणि त्यानंतर माणूस ओरडतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हातांनी शिकवलेलं. टोळाची बोटं मात्र चादरीवर निवांत पसरलेली होती. तिनं मान वर करून पाहिलं. टोळ छताकडे बघत होती, डोळे मोठे करून, पापणी न हलवता… आणि हे तिनं ह्याच खोलीत पाहिलेलं होतं. ह्याआधी. खिडकीजवळच्या त्या बाकावर.

सात वर्षांपूर्वी. धाकटी.

तिच्यात आणि धाकटीत चौदा वर्षांचं अंतर. वडील आधीच गेलेले, आणि आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून वेण्या घालणं, शाळेत पालक म्हणून बसणं, ताप आला की उशाशी बसणं, आलेला नसला की ओळखणं, सगळं तिच्याकडे आलं, आणि तिनं ते असं केलं की शेजारपाजारचे म्हणायचे, बहीण नाही ही, आई आहे दुसरी. ते ऐकून तिला बरं वाटायचं. आता वाटतं, खरी आई असती तर इतकी हावरी नसती… धाकटी अडथळ्यांची शर्यत धावायची. पंधराव्या वर्षी ती पहिल्यांदा अडथळ्यावरून गेली तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या ताईच्या स्वतःच्या मांडीत काहीतरी उचललं गेलं. ती स्वतः धावायची ना एके काळी. एकोणिसाव्या वर्षी, शेवटच्या वळणावर, वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला होता आणि तो आपल्याच पायातून आलाय हे कळायला दोन पावलं जावी लागली होती. मग प्लास्टर. पाच वर्षांची धाकटी त्या प्लास्टरवर पेन्सिलीनं बदकं काढत बसायची, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत रांगेनं, आणि मी पडल्या पडल्या बदकं मोजत ठरवत असे की हिला मोडू द्यायचं नाही. हिला काही झालं तरी मोडू द्यायचं नाही.

धाकटीची पहिली चीर खरी होती. दुसरी… त्या दिवशीही अंगठ्याखाली अशीच घट्ट गाठ होती. त्या दिवशीही "आई गं" अर्ध्या श्वासानं उशिरा आलं. बोटं हलली नाहीत. धाकटी छताकडे बघत होती. आणि ताई उठून टेबलाशी गेली, पेन हातात घेतलं, आणि तिनं लिहिलं — दुखते. तीव्र. 'तीव्र' कुणी विचारलेलं नव्हतं. सही केली. मुलगी अठराच्या आतली म्हणून पालक म्हणून दुसरीकडे आणखी एक सही, तीही तिचीच.

हे कुणालाच माहीत नव्हतं. सरांना नाही, डॉक्टरांना नाही, धाकटीला तर नाहीच. धाकटीला वाटत असणार, आपण ताईला फसवलं. तिनं तसं वाटू दिलं. तीन वर्षं धाकटी धावली, बक्षिसं आणली, थंडीत पाय आतून गार पडतात म्हणून "माझे पाय माझ्यानंतर तासाभरानं झोपतात" असली विनोदी वाक्यं टाकत राहिली, वजनकाट्यावर उभी राहून "म्हातारपणी भंगारवाल्याला दे मला, दोन वेळचं निघेल तुझं" म्हणाली, आणि एका सकाळी सातव्या अडथळ्याला तिचा मागचा पाय लागला. हाड असतं तर मोडलं असतं. मोडून त्यानं तो धक्का पोटात घेतला असता. धातूनं घेतला नाही; त्यानं तो जसाच्या तसा वर पाठवला, गुडघ्यातून खुब्यात, आणि खुब्याची वाटी फुटली, आणि मांडीचे स्नायू जाळीवरून शिवण उसवावी तसे सुटले. अहवालात लिहिलेलं तिनं वाचलं. हाड — शाबूत. डॉक्टर म्हणाले होते, धातूला ओरखडासुद्धा नाही, आणि ते बोलताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता, आणि मग ते म्हणाले, हवं तर आता खुबाही बदलू. धाकटी नको म्हणाली. त्यानंतर तीन वर्षं दोघी एका घरात राहिल्या, एकमेकींना मिठाची बरणी पुढे करत.

दारावर टकटक झाली. टोळाचे वडील होते.

ते शिंपी होते. दुकान तसंच टाकून आले असावेत. शर्टाच्या खांद्याला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा लागलेला होता आणि मोजायची टेप गळ्यातून काढायची राहून गेली होती. टोळानं चादर पायांवर ओढली. "बाबा, तुम्ही बाहेर थांबा ना," ती म्हणाली. ते थांबले नाहीत, पण आतही आले नाहीत, उंबऱ्याशी उभे राहिले.

"ताई, जरा दोन मिनिटं," ते म्हणाले.

ती बाहेर व्हरांड्यात गेली. समोर मैदानावर कुणीतरी अडथळे मांडत होतं, एकेक उचलून, अंतर पावलांनी मोजून.

"तुमच्या घरातलंच आहे म्हणून विचारतो. कापडाचं मला कळतं. कुठं आटेल, कुठं उसवेल, हात लावला की सांगतो. ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही. डॉक्टर म्हणतात चांगलं आहे. सर म्हणतात चांगलं आहे. पोरगी तर धड जेवत नाही, बदल करा म्हणून. उद्या मला सही करायचीय. तुमच्या बहिणीचं झालंय ना? कशी आहे ती आता?"

ह्या प्रश्नाचं एक उत्तर तिच्याकडे तयार असायचं. बरी आहे, हाड शाबूत आहे. तीन वर्षं ती ते देत आली होती, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"काठी घेऊन चालते," ती म्हणाली.

"काठी?" त्यांनी टेपचं एक टोक बोटाला गुंडाळलं. "आम्हाला तर सांगितलं, आजवर एकाचंही हाड मोडलं नाही म्हणून."

"खरं आहे ते. हाड नाही मोडलं."

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण हिचं दुखतंय हो. मी बघतो ना. रडते."

"तुमच्या मुलीची नडगी चांगली आहे. गेल्या वर्षीचं छान भरून आलंय. तिथं तिला दुखत नाही."

"मग रडते कशाला?"

"भीती वाटते तिला."

"कशाची?"

"मोडायची," ती म्हणाली, आणि पुढे काहीतरी सांगायला हवं होतं, की ह्या वयात सगळ्यांनाच वाटते, की भीतीवर हाड काढणं हा इलाज नाही, की मीच एकदा… पण शिंपी मान हलवत होते, एखादं माप अखेर जुळावं तसे, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून ती आत वळली, टेबलाशी गेली आणि उभ्यानंच लिहिलं — दाबल्यावर दुखत नाही. सही. इतकं सोपं होतं हे. तेव्हाही इतकंच सोपं असणार.

टोळ बाकावरून उतरून मागे येऊन उभी राहिली होती. तिनं वाचलं.

"मी ओरडले ना."

"ओरडलीस."

"मग?"

तिनं पेनाला टोपण लावलं. टोळ रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्या बहिणीला मिळालं," टोळ म्हणाली. "तिचं तुम्हीच लिहिलं असेल. घरचं माणूस म्हणून तिला मिळालं. आणि आम्ही राहायचं कच्चं लिंबू."

दुपारच्या आत सरांनी बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, फॉर्म दोन बोटांनी टेबलावर सारखा केला.

"वडील सही करणार नाही म्हणतात. तुम्ही काय बोललात त्यांच्याशी?"

"जे आहे ते."

"ताई, तुम्ही दमलाय. घरात एवढं झालेलं, माणूस दमणारच. चार दिवस सुट्टी घ्या." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "तिला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी दाबून बघायला सांगतो. तोवर वडीलही शांत होतील."

म्हणजे झालं काय? काहीच नाही. दुसरा अंगठा, दुसरी सही. ती चहा प्यायली, कारण तो मागवलेला होता, आणि तिनं हात धुतले. नखाच्या कडेला निळं राहिलंच. भर दुपारी फाटकातून बाहेर पडल्यावर ती बसथांब्याकडे वळली नाही. हे आता बोललं जाणार. टोळ बोलेल, सर बोलतील, कुणीतरी धाकटीपर्यंत नेईल — ताईनं एका मुलीचं खोटं पकडलं — आणि धाकटी हिशोब करील. धाकटी हुशार आहे. त्याआधी मी सांगायला हवं. सात वर्षं जे जिभेच्या मुळाशी धरून ठेवलं ते मी माझ्या तोंडानं सांगायला हवं… चालता चालता तिनं वाक्यं जुळवली. मला तेव्हाच कळलं होतं. तू खोटं बोलतेयस हे माझ्या हाताला कळलं होतं आणि तरी मी लिहिलं. ह्यापुढचं वाक्य जुळेना. माफ कर, असं म्हणायचं की नाही? माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. तिच्याकडे आता देण्यासारखं काय आहे.

धाकटी पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत बसायची. दार ढकललं की ओलसर, औषधी वासाची गरम हवा अंगावर येई आणि आतून पाण्यावर हात आपटल्याचे, शिट्टीचे, मुलांचे आवाज छताला लागून परत येत. काचेमागे धाकटीचा चेहरा दिसला. वाळलाय. रंग गेलाय; हाडांबरोबर आतला मगजही गेला, रक्त तिथंही तयार होतं, आणि हे सांगायचं डॉक्टरांच्या भाषणात कधी आलं नव्हतं. काठी कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली. काचेला खाली अर्धगोल भोक होतं.

"पोहायला आलीस?" धाकटी म्हणाली. "ये. मला काही जमायचं नाही. मी सरळ तळाला."

"बोलायचंय जरा."

"बोल की."

"इथं?"

"साफसफाईला बंद करतात, त्याला अजून वेळ आहे. इथंच बोल." धाकटी तिच्या मागे पाहत म्हणाली, "बाजूला हो जरा. किती जण? दोन मोठे, एक लहान? टोपी घातल्याशिवाय सोडत नाहीत हं आत."

एक बाई, एक पुरुष आणि हवा भरलेलं रबरी कडं गळ्यात घातलेली एक चिमुरडी आत गेली. ताई पुन्हा भोकाशी वाकली. उभ्यानं काचेतून आवाज पोचत नव्हता, म्हणून वाकावंच लागत होतं, कान आणि तोंड दोन्ही त्या भोकाशी आणून, एखाद्या अर्जदारासारखं. तिनं सकाळचं सांगितलं. टोळ, शिंपी, फॉर्म. धाकटी तिकिटांचा गठ्ठा सारखा करत ऐकत होती. बोटं हलली नाहीत, असं ती म्हणाली तेव्हा गठ्ठा सारखा करणारे हात थांबले.

"माझीही नव्हती हलली," धाकटी म्हणाली.

तिनं जुळवलेलं पहिलं वाक्य अजून तोंडातच होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी—"

"मला माहीत आहे, ताई."

मागं कुणीतरी खोकललं. एक म्हातारे गृहस्थ टॉवेल काखेत घेऊन उभे होते. ती बाजूला झाली. त्यांना एकच तिकीट हवं होतं, पण त्यांना पाणी आज किती गरम आहे, काल फारच गार होतं, हेही विचारायचं होतं, आणि धाकटीनं त्यांना सगळं नीट, हसून सांगितलं. ते आत गेले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तेव्हापासून." धाकटीनं काचेवर आतून लागलेला एक डाग नखानं खरवडला. "तुझ्या हाताला कळत नाही असं कधी झालंय? परीक्षेच्या दिवशी ताप आलाय म्हणून पडून राहायचे मी. तू येऊन कपाळाला हात लावायचीस. ऊठ, नाटक पुरे. दर वेळी. एकदासुद्धा फसली नाहीस. मला वाटलं, त्या दिवशीही म्हणशील."

"तुला नको होतं?"

"तसं नाही." धाकटीनं गठ्ठा बाजूला ठेवला. "हवं होतं. सगळ्यांना हवं होतं, मलाही. पण भीतीही वाटायची. मग मी म्हटलं, ताई दाबून बघणार आहे. तिनं पकडलं तर नाही करायचं. नाही पकडलं तर… मी तुझ्यावर सोडून दिलं, ताई. छताकडे बघत वाट बघत होते, की आता म्हणेल, ऊठ. तू उठून गेलीस आणि पेनाचा आवाज आला. दोन शब्द लिहायचा आवाज." तिनं वर पाहिलं. "मग मला वाटलं, खरंच दुखत असेल. मलाच कळत नसेल. तू लिहिलंयस म्हणजे दुखतच असेल. त्या दिवशी घरी जाताना मी लंगडले, आठवतं? ते नाटक नव्हतं."

तिला आठवत होतं. फाटकापासून घरापर्यंत. तिनं धाकटीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि मनात म्हणाली होती, किती छान वठवते पोरगी.

"तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, आणि तिला आपल्या आवाजाचं नवल वाटलं. त्यात राग होता. "एवढी वर्षं. घरात बसून. माझ्यासमोर जेवून."

"तू बोललीस?"

आत शिट्टी वाजली. कुणीतरी पाण्यात उडी मारली.

"तू रोज रात्री माझे पाय चेपायचीस," धाकटी म्हणाली. "न चुकता. मी नको म्हटलं तरी. मला ते सहन होईना. म्हणून गेले. तुझ्यावर राग धरून नाही गेले… आणि धावले ना मी, ताई. तीन वर्षं. ते काही खोटं नव्हतं. ते काढून नको घेऊस माझ्याकडून." मग तिनं मान तिरकी करून पाहिलं, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मागं लोक उभेत."

खरंच होते. एका शाळेची वीस-पंचवीस मुलं, दोन-दोनच्या जोडीनं हात धरून, आणि त्यांच्या बाई यादी घेऊन. ती बाजूला झाली. मुलं खिडकीपुढून आत जाऊ लागली आणि धाकटी प्रत्येकाला मोजताना ओठ हलवत होती. ताई तिथं उभी आहे की गेली, ह्याकडे तिचं लक्ष नव्हतं, किंवा असेल, पण दिसत नव्हतं.

ती आत गेली नाही, बाहेरही पडली नाही. दाराशेजारच्या ओल्या बाकावर बसली. आपण हलकं व्हायला हवं, असं तिला वाटत होतं. कबूल करायला आले आणि कबूल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. समोरच्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यात त्याचाही हात होता, म्हणजे अर्धं ओझं उतरलं — असंच ना? पण उतरल्यासारखं काही वाटेना. उलट राग येत होता, त्या सतरा वर्षांच्या, लांब वेणीच्या मुलीचा, जी छताकडे बघत वाट बघत होती आणि एक शब्द बोलली नाही. जिनं आपले पाय असे दुसऱ्याच्या अंगठ्यावर सोपवून दिले, आणि अंगठ्याचं माणूस हावरं निघालं तेव्हा मुकाट्यानं लंगडत घरी आली. इतका राग तिनं धाकटीचा कधीच केला नव्हता. मूल म्हणून केला असेल, वेळेवर उठत नाही म्हणून, जेवत नाही म्हणून. बरोबरीच्या माणसाचा करावा तसा कधीच नाही.

सात वर्षं मी एकटी होते त्या दोन शब्दांपाशी. पहाटे जाग आली की ते असायचे, दूध तापवताना असायचे, तिचे पाय चेपताना तर असायचेच. वाईट होतं ते, पण माझं होतं, आणि त्याच्यामुळे तीही माझी होती — मी वाढवलेली, मी मोडलेली, दोन्ही मीच. बाहेरून कुणी आत येऊ शकत नव्हतं. आणि आता कळतंय की ती पहिल्यापासून तिथंच बसलेली होती, पलीकडच्या भिंतीला टेकून, तिच्या वाट्याचं घेऊन, आणि मी एकदाही मान वळवून पाहिलं नाही…

शाळेची मुलं पाण्यात उतरली असावीत. आवाज एकदम वाढला, इतका, की त्यात एकेकाचं ओरडणं वेगळं ऐकू येईना. काचेमागे धाकटी खाली मान घालून काही लिहीत होती. तिच्या भुवया जवळ आल्या होत्या, कपाळावर एक उभी आठी होती, आणि ती आठी केव्हा पडली हे ताईला सांगता आलं नसतं. ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ओळखीचा होता. पण नऊ वर्षांच्या पोरीपासून इथवर त्याचा माग काढायला ती गेली, तेव्हा मधेच कुठंतरी वाट तुटली. तिथून पुढची ती बाई कुणीतरी वेगळीच होती, जिला ती एकदाही भेटली नव्हती, आणि जिच्याशी काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, तिला तू म्हणायचं की काय, हेही तिला नक्की माहीत नव्हतं.